पलीकडची आई, अलीकडची आई

मंडळी, गेल्या शनिवारी आपण ‘कोरलाइन’ हा बाहुल्यांचा सिनेमा पाहिला. आज पुन्हा तोच दाखवणार हे माहीत असूनही तुम्ही एवढे जण आलात, याचा मला मनापासून आनंद झाला. दिवे मालवायच्या आधी थोडं बोलते. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच: नव्या घरी राहायला आलेल्या कोरलाइन या मुलीला एक छोटं दार सापडतं, त्याच्या पलीकडे तिच्याच घरासारखं पण जास्त छान घर असतं, आणि तिथे कायमचं राहायचं तर डोळ्यांवर बटणं शिवून घ्यायची अट असते. त्यामुळे सांगता येण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. त्या छोट्या दाराआड जी बाई मुलीची वाट बघत असते, तिच्या इंग्रजी नावाचं सरळ मराठी ‘दुसरी आई’ असं होईल. पण आपल्याकडे दुसरी आई म्हटलं की सावत्र आई डोळ्यांपुढे येते आणि सगळाच घोटाळा होतो. ही सावत्र नाही. तिचा चेहरा, आवाज, स्वयंपाकघर, सगळं कोरलाइनच्या सख्ख्या आईचंच आहे. फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं शिवलेली आहेत. म्हणून मी तिला ‘पलीकडची आई’ म्हणणार आहे.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकट्यानं, रात्री, लॅपटॉपवर पाहिला आणि चांगलीच घाबरले. नील गेमन यांच्या 2002 च्या पुस्तकावरून हेन्री सेलिक यांनी तो केला, 2009 साली आला, यातलं काही मला माहीत नव्हतं. जुनं भलंमोठं घर, भिंतीच्या कागदाखाली दडलेलं दार, मेलेल्या मुलांची भुतं. गॉथिक म्हणतात ते सगळं आहे त्यात. माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, पोरगी सुटते की नाही. मग कितीतरी वर्षांनी माझी मुलगी नऊ वर्षांची झाली, तिच्याशेजारी बसून पुन्हा पाहिला. पोरगी सुटते हे आता माहीत होतं, त्यामुळे डोळे मोकळे झाले. आणि पहिल्याच दोन मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला.

आठवून बघा. सुरुवातीला खिडकीतून एक कापडी बाहुली आत येते. सुयांचे हात तिला धरतात. डोळ्यांची बटणं उसवतात, तोंडाचे टाके कापतात, पोटातला भुसा काढतात, कापड उलटं करतात. मग नवा भुसा, निळे केस, पिवळा रेनकोट, नवी बटणं. पहिल्या वेळी मला वाटलं, काय सुंदर शिवणकाम! दुसऱ्या वेळी कळलं, ती आत आली तेव्हा कुणा दुसऱ्याच मुलीसारखी दिसत होती. तिची वेणी वेगळी, कपडे वेगळे. म्हणजे ती मुलगी संपलेली आहे आणि तिच्याच कापडातून पुढचीची तयारी चालली आहे. श्रेयनामावली सुरू असतानाच, एक शब्द न उच्चारता हे सगळं सांगून झालेलं असतं.

असंच पियानोचं. पलीकडचा बाबा पियानोसमोर बसलेला असतो. कोरलाइन म्हणते, माझ्या बाबांना तर वाजवता येत नाही. तो म्हणतो, मला यावं लागतच नाही, हा पियानोच मला वाजवतो! पियानोतून दोन हातमोजे बाहेर येतात आणि त्याचे हात धरून नाचवतात. पहिल्यांदा आपण हसतो. पुढे हाच बाबा रडवेला होऊन सांगतो की मला तुला इजा करायची नाही, आई माझ्याकडून करवून घेते आहे. ते एकदा ऐकलं, की पियानोपाशी परत हसू येत नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो काय, कळसूत्री बाहुलं आहे’. इथे एक बाहुलं स्वतःच्या तोंडानं, आनंदानं हे सांगतं आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. गाण्याचंही तेच. तो जे लाडाचं गाणं म्हणतो त्यात डोळे आणि बटणं हे शब्द आधीच पेरून ठेवलेले आहेत.

आता दोन स्वयंपाकघरांकडे बघा. मी हा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. अलीकडचं स्वयंपाकघर करडं, कोंदट, पाठीमागची भिंत अंगावर आल्यासारखी. पलीकडचं तेच, पण उबदार उजेडाचं आणि ऐसपैस. हा फक्त रंगाचा खेळ नाही. अलीकडच्या खोल्यांचे सेट मुद्दाम उथळ, चेपल्यासारखे बांधले होते आणि पलीकडचे खोलवर पसरलेले. हा सिनेमा थ्री-डीमध्ये चित्रित केलेला पहिला पूर्ण लांबीचा स्टॉप-मोशनपट, म्हणजे बाहुल्या किंचित किंचित हलवून एकेक फोटो काढत केलेला सिनेमा, त्यामुळे तो खोलपणा प्रेक्षकाला अक्षरशः जाणवावा अशी योजना होती. आपण साध्या पडद्यावर पाहतो आहोत, तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं होतंच. त्या मुलीला तिथे का राहावंसं वाटतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. वरून मँगो मिल्कशेक देणारं झुंबर! आपल्या पोरांनी तर दुसऱ्या मिनिटाला बटणं शिवून घेतली असती, असं माझी मुलगी म्हणाली. शिवाय अलीकडे शेजारीपाजारी तिला सारखं कॅरोलाइन म्हणतात. पलीकडे तिचं नाव कुणी चुकत नाही.

आता या सिनेमामागच्या हातकामाविषयी. माझी मावशी विणायची. तिच्याकडून मला एक सवय लागली, कुठलंही विणलेलं पाहिलं की मी टाके बघते. पलीकडची आई कोरलाइनला चांदण्यांचा निळा स्वेटर देते. त्या वीतभर बाहुलीच्या अंगावरचा तो स्वेटर खरोखर विणलेला आहे. अल्थिया क्रोम नावाच्या अमेरिकन विणकर बाईंनी बारीक तारेच्या सुयांवर, शिवणाच्या दोऱ्याइतक्या धाग्यानं तो विणला. चित्र थांबवून जवळ जाऊन पाहिलं तर टाका न् टाका दिसतो. मी तेव्हा उठून उभी राहिले होते.

लायका या अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या स्टुडिओत चारशेहून अधिक माणसं या सिनेमावर राबली. शंभर मिनिटांचा सिनेमा, सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 24 स्थिर चित्रं. गुणाकार केला तर 1,44,000 होतात. थ्री-डीत दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं चित्र लागतं, म्हणून त्याच्या दुप्पट. बाहुलीची मान केसभर वळवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, कॅमेरा किंचित सरकवून दुसरा काढायचा, मग परत मान. चेहरे थ्री-डी प्रिंटरवर छापलेले, वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा, दर हावभावाला बदलायचे. पलीकडच्या झाडांचा गुलाबी बहर म्हणजे रंगवलेल्या लाह्या आहेत, मक्याच्या.

आणि इथेच मला या सिनेमानं धरून ठेवलंय. पलीकडची आईसुद्धा हेच करते ना? सुया घेऊन बसते, बाहुल्या घडवते, त्यांना चालतं-बोलतं करते, एका मुलीसाठी अख्खं जग शिवते. कौशल्यात ती तसूभर कमी नाही. पण तिचं जग घरापुरतंच आहे. बागेच्या पुढे चालत गेलं की झाडं पुसट होतात, मग सगळं पांढरं, आणि चालता चालता माणूस परत घरापाशीच येतो. जेवढ्यात मुलगी अडकेल तेवढंच तिनं शिवलंय.

उलट अलीकडच्या आईला काहीच करता येत नाही. ती बागकामाचा कॅटलॉग लिहिते पण तिला माती आवडत नाही. स्वयंपाक करत नाही. मानेला पट्टा आहे. पहिल्या वेळी मलाही ती तुसडी वाटली होती. दुसऱ्या वेळी मी स्वतः दिवसभर लॅपटॉपसमोर बसून, ‘पाच मिनिटं थांब गं’ म्हणणारी आई होते. मग त्या पट्ट्याकडे लक्ष गेलं. ट्रकला धडक झाली त्यात आपली चूक नव्हती, असं कोरलाइन फणकारते. आई म्हणते, मी कधी तसं म्हटलं? दोन वाक्यं, तेवढ्यावर विषय संपतो. अपघात झालाय, घर बदललंय, काम वेळेत द्यायचंय आणि ही बाई एकदाही पोरीला बोल लावत नाही.

गणवेशाच्या दुकानातला प्रसंग आज नीट बघा. सगळं करडं, आणि कोरलाइनला रंगीत पट्ट्यांचे हातमोजे हवे असतात. आई नाही म्हणते. घरी येऊन बघतात तर फ्रिज रिकामा. किराणा आणायला निघताना आई विचारते, येतेस का, तुझ्या आवडीचं काहीतरी घे. मुलगी टोमणा मारते, हातमोज्यांसारखं? आई जाते, आणि परत येत नाही. यापुढे काय होणार हे माहीत असताना तो टोमणा ऐकवत नाही.

शेवटाकडे ते हातमोजे तिला मिळतात. पडद्यावर काही क्षणच दिसतात, तेही क्रोमबाईंनीच विणलेले. त्या क्षणी बोटांच्या टोकांकडे बघा, पट्ट्यांचे रंग तिथपर्यंत गेलेत.