वाफेचा पाइप लांबणारच

मंडळी, साखर कारखान्यात गाळप सुरू होण्याआधी वाफेच्या लाइनची डागडुजी निघते. पाइप सपोर्टवरून सरकलेला दिसला की कुणीतरी म्हणतं, "हलतोय ना, टाक वेल्ड." तिथेच घोटाळा होतो.

हिशेब मांडू. सहा इंची, शेड्यूल 40 (भिंतीच्या जाडीची श्रेणी) पाइप, दोन अँकरमधलं, म्हणजे पाइप घट्ट जखडलेल्या दोन जागांमधलं, अंतर 40 मीटर. बसवला 25 अंशांना, चालणार 200 अंशांना. कार्बन स्टील मीटरला साधारण 2.1 मिलिमीटर वाढतं, म्हणजे एकूण 85. सरळ पाइप दोन्ही टोकांना जखडला तर ताण निघतो 400 मेगापास्कलच्या आसपास आणि अँकरवर जोर दीडशे टनांच्या घरात. या पाइपचं पोलाद ए 106 ग्रेड बी, त्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकायला लागतं तो ताण, 240. म्हणजे तो जोर येण्याआधीच पाइप वाकेल, नाहीतर अँकर उखडेल.

आता कोड, म्हणजे पाइपिंगची नियमावली. प्रक्रिया उद्योगाला एएसएमई या अमेरिकी संस्थेचा बी 31.3, परळीसारख्या वीज केंद्राला बी 31.1. शिवाय आपल्याकडे वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या वर गेला की आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियम, आहेतच. ड्रॉइंग मंजूर करून घ्यावं लागतं. बी 31.3 दोन ताणांना दोन वेगळ्या पट्ट्या लावतो. वजन आणि दाब यांचा भार पाइप वाकला तरी हटत नाही, म्हणून तिथे मर्यादा कडक: आपल्या पाइपला सुमारे 138 मेगापास्कल. उष्णतेचा ताण मात्र पाइप थोडा सरकला की सैल पडतो. तिथे भीती थकव्याची, म्हणजे ताण पुन्हापुन्हा येऊन धातूला तडा जाण्याची. म्हणून गार ते गरम या पूर्ण पल्ल्याला मर्यादा अशी: गार असतानाच्या परवानगीच्या ताणाची सव्वापट अधिक गरम असतानाच्या ताणाचा पाव भाग. दोन्ही इथे 138, म्हणून 207.

207 मध्ये बसायचं तर यू-लूप घ्या, म्हणजे लाइनला मध्येच यू आकाराचं वळण द्या. एल्बो (वळणाचा तुकडा) बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला तर यूचे दोन्ही पाय प्रत्येकी साडेचार मीटर येतात. एल्बो लवचिकही असतो आणि स्वतःवर ताणही वाढवून घेतो. या मापात जवळपास 2.3 पट. म्हणून शेवटचा आकडा सीझर टूसारख्या पाइपचा ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच काढा.

"जाड पाइप टाकू" हा उपाय इथे चालत नाही. वाढ तेवढीच, व्यास तेवढाच, तर ताणही जवळपास तेवढाच. उलट टर्बाइनच्या नोझलवर, म्हणजे पाइप जिथे यंत्राला जोडतो त्या तोंडावर, जोर वाढतो. सपोर्ट वाढवूनही तेच. वजनाला सपोर्ट हवा, वाढीला मोकळीक हवी, आणि डिझाइनची सगळी कसरत या दोन मागण्यांच्या मध्ये चालते.

पाइप एकदा गरम होऊन गार झाला की एक चक्र. 7000 चक्रांपर्यंत 207 ला कात्री लागत नाही. कारखान्याची मुख्य लाइन एवढ्या वेळा गार-गरम होतच नाही. वाळूजच्या बॅच प्लांटमधली गोष्ट वेगळी: दिवसाला आठ बॅच, वर्षाला 300 दिवस, तर तिसऱ्या वर्षातच 7000 पार. दहा वर्षांची 24,000 चक्रं धरली तर 207 ची मर्यादा बरीच खाली येते. डिझाइनच्या कागदावर चक्रांचा आकडा लिहिलेला नसेल, तर तो आधी मागा.

साइटवर तीन गोष्टी तपासा. गाइडच्या, म्हणजे पाइपला फक्त लांबीच्या दिशेने सरकू देणाऱ्या सपोर्टच्या, यू-बोल्टला फट आहे का. पाइप गरम झाल्यावर शू, म्हणजे पाइपखाली वेल्ड केलेला पाया, बीमवरून खाली तर उतरणार नाही ना. त्या जागी पाइप जेवढा सरकणार, त्याला पुरेल एवढा शू लांब हवा. आणि हायड्रोटेस्टसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी, लावलेली स्प्रिंग हँगरची (स्प्रिंगवर पाइप टांगणाऱ्या सपोर्टची) लॉक पिन काढली का. ती राहिली की स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडी दांडका, आणि तो सगळा भार नोझलवर जातो.