चित्र स्वच्छ दिसतं, तरी सी-आर्म तपासायचाच

नमस्कार मंडळी. डॉक्टर, तंत्रज्ञ, सिस्टर आणि ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, मामा-मावशी आज सगळे एकत्र बसलात, याचा मला फार आनंद आहे. सर्जनच्या अंगावर जे क्ष-किरण पडतात, तेच शेजारी पेशंटचा पाय धरून उभ्या असलेल्या मामांवरही पडतात, आणि बहुतेक वेळा हा विषय मामांपर्यंत पोचतच नाही.

सोलापूर म्हणजे केवढ्या तरी मुलखाचा दवाखाना आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, सीमेपलीकडून इंडी-विजयपूर, सगळीकडचे पेशंट इथे येतात. पुणे-हैदराबाद रस्त्यावर रात्री अपघात झाला, की मांडीचं हाड मोडलेला पोरगा इथल्याच एखाद्या टेबलावर असतो. त्याला रॉड घालायचा तर सी-आर्म लागतो, म्हणजे ऑपरेशन चालू असताना आतलं चित्र पडद्यावर दाखवणारं क्ष-किरणांचं मशीन. मुतखडा काढायला लागतो, अँजिओग्राफीला कॅथलॅबमध्ये त्याचंच मोठं भावंड लागतं. साधा एक्स-रे डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. फ्लुरोस्कोपीत, म्हणजे सी-आर्मसारख्या मशीनच्या हलत्या चित्रात, मात्र पेडलवर पाय आहे तोवर किरण चालूच असतात.

आता मुद्द्यावर येतो. तपासणीसाठी कुठल्याही हॉस्पिटलमध्ये गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सर, चित्र एकदम क्लिअर येतंय, मग काय तपासायचं?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण फ्लुरोस्कोपीच्या बाबतीत हा विश्वास घातक आहे, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्याभोवतीच आहे.

या मशीनमध्ये एक स्वयंचलित यंत्रणा असते. पडद्यावरचा उजेड कमी झाला, की ती आपणहून किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर वाढवते. पेशंट जाड असेल, तर हे योग्यच आहे. शरीराची जाडी साधारण तीन-चार सेंटिमीटरनं वाढली, की तेवढ्याच चित्रासाठी जवळपास दुप्पट किरण लागतात. पण उजेड कमी होण्याचं कारण पेशंट नसून मशीनचं वय असेल तर? आपल्याकडच्या जुन्या सी-आर्ममध्ये इमेज इंटेन्सिफायर असतो, म्हणजे वरचा तो मोठा गोल डबा. वर्षं जातील तशी त्याची ताकद उतरते. नजर मंदावलेल्या आजीनं कंदिलाची वात वर करायला सांगावी, तसं मशीन जास्त किरण मागतं. चित्र पहिल्यासारखंच दिसतं. सर्जन खूश, तंत्रज्ञ खूश, आणि जादा किरण सोसतो तो टेबलावर झोपलेला माणूस. त्याला ना दुखतं, ना भाजल्याचं जाणवतं.

म्हणून तपासणीच्या वेळी काय करतात ते जरा जवळून पाहा. ओटी रिकामी करतात. सी-आर्मची ट्यूब किरण सोडते आणि डिटेक्टर ते झेलतो; त्या दोघांच्या मध्ये, पेशंटची पाठ जिथे येते तिथे, डोस म्हणजे किती किरण पडले ते मोजणारा छोटा चेंबर ठेवतात. वर पेशंटच्या जागी तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे. पेडल दाबतात, आकडा लिहून घेतात. मग आणखी एक पत्रा. पडद्यावरचा उजेड क्षणभर मंदावतो आणि परत जागेवर येतो. या वेळी पडद्याकडे बघायचंच नाही, कन्सोलकडे बघायचं. किलोव्होल्ट चढलेले असतात, मिलिअँपिअर चढलेले असतात आणि डोसचा आकडाही वर गेलेला असतो. शेवटी शिशाचा पत्रा टाकून मशीनला त्याच्या टोकापर्यंत नेतात, कारण जास्तीत जास्त किती किरण ते फेकू शकतं हे कळायलाच हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात नेहमीच्या फ्लुरोस्कोपीसाठी ही कमाल मर्यादा मिनिटाला ८८ मिलिग्रे आहे. ग्रे आणि मिलिग्रे ही डोस मोजायची मापं.

आता हिशोब करू. त्वचेच्या एकाच जागी २ ग्रे, म्हणजे २००० मिलिग्रे साठले, की लाली येण्याची शक्यता सुरू होते. मिनिटाला ८८ या वेगानं तिथे पोचायला तेवीस मिनिटंही लागत नाहीत. डोस त्याहून बराच वाढला तर केस झडतात, कातडी सोलते, न भरणारी जखम होते. ही जखम लगेच दिसत नाही, यात खरी अडचण आहे. गंभीर जखमा कित्येक आठवड्यांनी वर येतात. तोवर पेशंट गावी गेलेला असतो. पाठीवर चौकोनी काळपट डाग बघून गावातले डॉक्टर नागीण म्हणतात, कुणी शेकाच्या पिशवीनं भाजलं म्हणतं. दोन महिन्यांपूर्वीची अँजिओप्लास्टी कुणाला आठवत नाही. अशाच जखमांमुळे त्या अमेरिकी प्रशासनानं १९९४ साली डॉक्टरांसाठी जाहीर इशारा काढला होता.

इतिहासातही हे आहे. राँटगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी एडिसनच्या प्रयोगशाळेत फ्लुरोस्कोपवर काम सुरू झालं. तिथला मदतनीस क्लॅरन्स डॅली रोज आपले हात किरणांत धरून मशीनची चाचणी घ्यायचा. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. डॅलीची ती अवस्था पाहून एडिसननं क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. डॅली मालक नव्हता, शास्त्रज्ञ म्हणून गाजलेलाही नव्हता. तो मदतनीस होता, हे इथल्या मामा मंडळींसाठी मी मुद्दाम सांगतोय.

मग ओटीत उभं असलेल्या माणसावर किरण येतात कुठून? ट्यूबमधून थेट नव्हे, पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले किरण येतात. ढोबळ नियम असा, की पेशंटच्या त्वचेवर जेवढा डोस पडतो, त्याचा हजारावा भाग एक मीटरवर पोचतो. त्वचेवर मिनिटाला २० मिलिग्रे असतील, तर एक मीटरवर तासाभरात साधारण १.२ मिलिग्रे. दोन मीटरवर गेलात की त्याचा पाव हिस्सा. सर्जन ‘शूट’ म्हणाले, की ज्याचं हातात काम नाही त्यानं दोन पावलं मागे सरकावं. यात घाबरटपणा काही नाही.

ट्यूब ज्या बाजूला, त्या बाजूला विखुरलेले किरण जास्त. म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवायची. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये आडवा व्ह्यू घेताना सर्जननं डिटेक्टरच्या बाजूला उभं राहायचं, आणि डिटेक्टर पेशंटच्या अंगाला जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. रॉड घालताना सगळ्यात जास्त शूटिंग शेवटच्या स्क्रूसाठी, डिस्टल लॉकिंगला होतं. तिथे हात किरणांत जातो. काही जण शिशाचे हातमोजे घालतात. पण मोजा चित्रात आला की यंत्रणा उजेड सावरायला किरण वाढवते, आणि मोज्याचा फायदा बराचसा तिथेच संपतो. त्यापेक्षा हात बाहेर काढून, कॉलिमेटर आवळून म्हणजे किरणांची खिडकी लहान करून, शेवटचं चित्र पडद्यावर गोठवून काम करणं केव्हाही बरं. पल्स मोड, म्हणजे किरण सलग न सोडता थांबून थांबून सोडायची सोय, असेल तर ती वापरा. मॅग्निफिकेशन गरजेपुरतंच, कारण त्यात डोस वाढतो.

ॲप्रनबद्दल मला जरा कळकळीनं बोलायचंय. अर्धा मिलिमीटर शिशाइतका ॲप्रन विखुरलेले ९५ टक्क्यांहून जास्त किरण अडवतो. पण त्याचं वजन पाच-सहा किलो, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या वर. ओटीचा एसी नीट चालत नसेल, तर माणसं ॲप्रन अंगातून काढतात किंवा गळ्याचा थायरॉइड कॉलर खुंटीवर ठेवतात. मला त्यांचा राग येत नाही. ओटीचा एसी दुरुस्त ठेवणं हे किरणसुरक्षेचंच काम आहे, असं मी प्रत्येक हॉस्पिटलच्या मालकाला सांगतो. आणि ॲप्रन घडी घालून कपाटात कोंबू नका. घडीवर आतलं शिसं तडकतं, बाहेरून काहीच कळत नाही. तो रुंद हँगरला टांगा आणि वर्षातून एकदा सी-आर्मखाली पसरून बघा. मात्र तेव्हा मशीन मॅन्युअलवर ठेवा. ऑटोवर ठेवलंत तर शिसं बघून ते किरण वाढवत बसेल.

बॅजचं थोडक्यात. अंगावर किती किरण पडले ते नोंदवणाऱ्या टीएलडी बॅजच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. तीन महिन्यांत त्यांनी शोषलेले किरण प्रयोगशाळेत तापवून मोजतात. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनवर लटकवून ठेवलेला बॅज रात्रंदिवस ओटीतच राहतो, मग तो तुमचा हिशोब सांगत नाही. आपल्याकडे काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (माणसाच्या अंगाला पोचलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. डोळ्याच्या भिंगासाठी आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा आयोगानं २०११ साली मर्यादा वर्षाला १५० वरून २० वर आणण्याची शिफारस केली, कारण मोतीबिंदू समजला जात होता त्यापेक्षा कमी डोसला होतो असं दिसून आलं. कॅथलॅबमध्ये रोज उभं राहणाऱ्यांनी शिशाचा चष्मा आणि छताला टांगलेली काच, दोन्ही वापरावं. एखाद्या सिस्टरला दिवस गेले असतील तर तिनं लगेच सांगावं. गरोदरपणाच्या बाकीच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टहून जास्त पोचू द्यायचं नसतं. आणि असं सांगितलं म्हणून तिची नोकरी जाणार नाही, ही हमी मालकानं आधी द्यायला हवी.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं मशीनची गुणवत्ता तपासणी दोन वर्षांतून एकदा तरी व्हायला हवी. ट्यूब बदलली किंवा मोठी दुरुस्ती झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ट्यूबच्या घरातून गळणारे किरण एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या आत आहेत ना, कन्सोलवर दिसणारे किलोव्होल्ट खरे आहेत ना, चाचणीच्या पट्टीवरच्या बारीक रेषा आणि पुसट भोकं ठरल्याप्रमाणे दिसतात ना, हे सगळं त्यात येतं. जुनं मशीन विकत घेताय? पैसे देण्याआधी तपासणी करून घ्या.

अहवाल आला, की ‘पास’ एवढंच वाचून फायलीला लावू नका. पेशंटच्या टेबलापाशी मोजलेल्या डोसचा आकडा शोधा आणि दोन वर्षांपूर्वीच्या अहवालातला तोच आकडा शेजारी ठेवा. दोन्ही मर्यादेच्या आत असतील, पण आकडा लक्षणीय वाढला असेल तर इंजिनिअरला बोलवायची वेळ आली. आणि प्रत्येक केसनंतर फ्लुरोचा वेळ, मशीन डोस दाखवत असेल तर तोही, पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर लिहा. पाठीवर डाग घेऊन तो माणूस कुणाकडे गेला, तर त्या डॉक्टरला कारण कार्डावरच सापडेल.