आधी मुलाशेजारी बसा

नमस्कार श्रोतेहो.

आज मला मागे पडलेल्या सरकारी शाळांविषयी बोलायचं आहे. 'मागे पडलेली' हा शब्द मी नाइलाजानं वापरते आहे. निकाल खाली गेला, पट घसरला, की शाळेवर हा शिक्का बसतो. मग वरून पत्र येतं: सुधारणेचा आराखडा तयार करा आणि अमुक तारखेच्या आत पाठवा. मुख्याध्यापक शिक्षकांना बोलावून घेतात आणि विचारतात, "बोला, आपल्याला काय काय हवंय?" संगणक हवेत, ग्रंथालयाला खोली हवी, दोन शिक्षक कमी आहेत, कुंपणाची भिंत पडली आहे. यादी वाढत जाते.

अशा कितीतरी बैठकांना मी बसले आहे. एका बैठकीत पाऊण तासात चौदा कलमं लिहून झाली. मागण्या सगळ्या रास्तच होत्या. यादी वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हळूच विचारलं, "पण आपल्या पाचवीतल्या किती मुलांना वाचता येत नाही, हे कुणाला ठाऊक आहे का?" कुणालाच सांगता आलं नाही. मार्गदर्शन करायला म्हणून मी गेले होते, माझ्याकडेही उत्तर नव्हतं. ती शांतता माझ्या अजून लक्षात आहे.

गरजांचा शोध तिथून सुरू होतो. रॉजर कॉफमन या अमेरिकी अभ्यासकानं या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी गरजेची जी व्याख्या केली, ती कुणालाही समजेल अशी आहे: मुलं आज जिथे आहेत आणि जिथे असायला हवीत, त्या दोहोंमधलं अंतर म्हणजे गरज. संगणक हे ते अंतर कमी करायचं एक साधन झालं. ते इथे उपयोगी पडेल की पडून राहील, हे अंतर मोजल्याशिवाय कसं कळणार? तरी बहुतेक आराखड्यांत साधनं आधी ठरतात आणि अंतर मोजायचं राहूनच जातं.

मोजायला फार मोठी यंत्रणा लागते असंही नाही. भारतात 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. तिची वाचनचाचणी एका कागदावर मावते. त्यावर काही अक्षरं असतात, काही शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. एका वेळी एकाच मुलाला शेजारी बसवायचं आणि वाचायला सांगायचं. काही मिनिटांत मूल कोणत्या पायरीवर आहे ते कळतं. ही पद्धत पुढे बऱ्याच देशांनी उचलली.

शेजारी बसणं का महत्त्वाचं, ते सांगते. एक मुलगा पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवायचा. वर्गात त्याची गणना वाचणाऱ्यांत होती. त्याच्यापुढे मी नवा, न पाहिलेला कागद ठेवला. पहिला शब्द त्यानं ओळखला. दुसऱ्या शब्दाखाली बोट थांबलं. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी ओठ हलवते का ते बघायला. धडा त्याला ऐकून ऐकून पाठ झाला होता. परीक्षेच्या गुणपत्रिकेत हे कधीच दिसलं नसतं.

हजेरीचंही तसंच. शाळेची सरासरी हजेरी ९६ टक्के असली की सगळे निश्चिंत होतात. हिशेब करून बघा. शंभरातली साठ मुलं रोज येतात आणि चाळीस मुलं दर दहा दिवसांतला एक दिवस चुकवतात, तरी सरासरी ९६ टक्केच भरते. दहा टक्के दिवस बुडणं ही धोक्याची खूण मानतात. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. म्हणजे ज्या शाळेत चाळीस मुलं हातातून निसटत चालली आहेत, तिची सरासरी बघून कुणी एक प्रश्नही विचारणार नाही. म्हणून हजेरीपट आडवा वाचावा, एकेका नावासमोरची ओळ धरून. कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात, कोण नसतं, ते त्यात लिहिलेलं असतं.

अंतर सापडलं की 'का' विचारायचं, आणि एकदा विचारून थांबायचं नाही. टोयोटाच्या कारखान्यात पाच वेळा 'का' विचारायची रीत होती, ती शाळेलाही लागू पडते. समजा, दुसरीतली काही मुलं वाचनात मागे आहेत. का? वाचनाचा तास त्यांचा बुडतो. का? तो पहिल्या तासिकेला असतो आणि ही मुलं रोज उशिरा पोचतात. का? लांबून येणारी गाडीच शाळा भरल्यावर वीस मिनिटांनी येते. आता वेळापत्रकात वाचन तिसऱ्या तासिकेला नेता येईल, त्याला पैसा लागत नाही. सगळीच कारणं इतकी सोपी निघत नाहीत, हे मला माहीत आहे. पण हे निघालं असतं आणि आपण त्याऐवजी प्रशिक्षण शिबिर भरवलं असतं, तर?

या 'का'च्या साखळीत एक उत्तर हटकून येतं: "पालक लक्ष देत नाहीत." माझी कळकळीची विनंती आहे, तिथे थांबू नका. त्या उत्तरापाशी शोध बंद पडतो, कारण मग शाळेला करण्यासारखं काही उरत नाही. पालकांनाच विचारा. एका आईनं मला सांगितलं होतं, "शाळेतून बोलावणं आलं की पोटात गोळा येतो. आजवर तक्रार ऐकवायलाच बोलावलंय." त्या शाळेच्या कागदोपत्री मात्र 'पालक सभांना अनुत्साही' अशी नोंद होती.

आता थोडं मोठ्या चित्राकडे येते. अमेरिकेत २०१० नंतरच्या काही वर्षांत सर्वांत खालच्या शाळांवर सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले. त्यासाठी चार ठरलेले उपाय होते. त्यांत मुख्याध्यापक बदलणं होतं, निम्मे शिक्षक बदलणं होतं, शाळा दुसऱ्याकडे चालवायला देणं होतं, अगदी ती बंद करणंही होतं. मॅसॅच्युसेट्ससारख्या काही ठिकाणी मुलांचे गुण वाढले. पण २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्याच शिक्षण खात्याचा देशव्यापी अभ्यास आला. त्यात वाचन, गणित, शालेय शिक्षण पूर्ण होणं किंवा महाविद्यालयातला प्रवेश यांपैकी कशावरही ठळक परिणाम दिसला नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे यातली मोठी चूक म्हणजे दुखणं तपासायच्या आधीच औषधं ठरलेली होती.

डिसेंबर २०१५ मध्ये तिथे नवा कायदा झाला होता. तळच्या पाच टक्के शाळा राज्यांनी तीन वर्षांतून निदान एकदा निश्चित करायच्या आणि प्रत्येक शाळेचा आराखडा त्या शाळेच्या गरजांच्या तपासणीवरच उभा करायचा, असं त्यात आहे. आराखडा करताना शिक्षक आणि पालक सोबत हवेत. शिवाय साधनांची वाटणी न्याय्य झाली आहे का, तेही शोधायचं आहे. मला हे शेवटचं कलम फार मोलाचं वाटतं. सर्वांत नवखा शिक्षक सर्वांत अवघड वर्गावर कुणी पाठवला, शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी कुणी ठेवली, हे प्रश्न वरच्या कचेरीलाही विचारायला हवेत. नाहीतर तपासणीचा सगळा भार वर्गातल्या माणसावर पडतो आणि तो घाबरून खरी माहिती लपवू लागतो. घाबरलेल्या शाळेत आकडे नेहमी चांगले येतात.

शिकागोच्या प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात मोठा अभ्यास झाला. नेतृत्व, पालकांशी नातं, शिक्षकांची तयारी, वर्गातलं वातावरण आणि अध्यापनाची दिशा अशा पाच बाजू तिथल्या संशोधकांनी पाहिल्या. यांतल्या बहुतेक बाजू भक्कम असलेल्या शाळा सुधारण्याची शक्यता, त्या कमकुवत असलेल्या शाळांच्या निदान दहा पट होती. म्हणून तपासणी करताना एकच खिडकी उघडून भागत नाही. मात्र काम हाती घेताना दोन-तीनच गोष्टी घ्याव्यात. चौदा कलमं एकदम धरली की एकही तडीला जात नाही. आणि फरक पडतोय का, हे वर्षअखेरीला बघण्यात अर्थ नाही. सहा आठवड्यांनी तोच कागद घेऊन त्याच मुलाशेजारी पुन्हा बसावं.

त्या बैठकीतल्या बाईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी आठवडाभर मधल्या सुट्टीत एकेका मुलाला बोलावून वाचून घेतलं. पुढच्या बैठकीला त्या वहीचं एक पान घेऊन आल्या. पानावर अकरा नावं होती. प्रत्येक नावासमोर ते मूल कुठे अडतं, ते लिहिलेलं: याला जोडाक्षरं येत नाहीत, हिला शब्द येतात पण वाक्याचा अर्थ लागत नाही, हा महिन्यातून सहा दिवस येतच नाही. मुख्याध्यापकांनी ते पान दोनदा वाचलं. मग चौदा कलमांचा कागद बाजूला ठेवला आणि पहिल्या नावावर बोट ठेवून विचारलं, "याच्यापासून सुरू करू. सकाळचा अर्धा तास कोण देईल?"

तीन हात वर झाले.