ठेवीदाराच्या नावानं चांगभलं

आधी एक कबुली देऊन टाकतो. आजच्या व्याख्यानाला हा विषय घेतला तेव्हा माझ्या डोक्यात फार काही नव्हतं, बँका बुडवणाऱ्यांना सरकारं पैसे देतात, आपण पै पै साठवतो आणि आपल्याला कोणी हिंग लावून विचारत नाही, तर तासभर शिव्या घालायच्या, तुम्ही टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. पण वाचायला बसलो आणि अडकलो. कारण जवळजवळ प्रत्येक बेलआउटमध्ये, म्हणजे बुडत्या बँकेला सरकारनं पैसे देऊन वाचवण्यात, वाचवलेल्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं, तर ठेवीदाराचं. म्हणजे आपलंच की. मग आपण चिडतो कशावर? बुडणाऱ्याला बाहेर काढलं तर तो काढणाऱ्यावर ओरडतो का? मला आज असं सांगायचंय की ओरडतो आणि बरोबर ओरडतो, फक्त आपण जे कारण देतो ना, ते चुकीचं असतं.

सुरुवात शब्दापासून करू. आपण म्हणतो 'ठेव'. शब्दच असा की वाटतं वस्तू ठेवली, ती तिथे तशीच असणार, मागितली की मिळणार. लॉकरमध्ये दागिना ठेवावा तसं. पण इंग्लंडमध्ये १८४८ साली फोली विरुद्ध हिल नावाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं स्वच्छ सांगून टाकलं की पैसा बँकेत भरला की तो बँकेचा झाला, तिनं त्याचं काय करायचं ते ती ठरवेल, तिच्यावर बंधन एवढंच की मागितल्यावर तेवढी रक्कम परत द्यायची. म्हणजे तुम्ही धनको आणि बँक ऋणको. तुम्ही ठेव ठेवलेली नाही, उसने दिलेत. आणि आज जगात बहुतेक ठिकाणी कायदा साधारण असाच चालतो.

बरं, उसने देणारा माणूस काय करतो? समोरच्याची ऐपत बघतो, तारण मागतो, धोका जास्त वाटला तर व्याज जास्त लावतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो. आपण यातलं काय करतो? फॉर्मवर सही करतो, फुल्या मारल्यात तिथे तिथे. (हशा) बँकेचा ताळेबंद वाचून खातं उघडलंय असा माणूस मला अजून भेटायचाय, आणि दोष माणसाचा नाही, बँकेनं कर्जं कोणाला दिलीत हे बाहेरून बघून तज्ज्ञांनाही कळत नाही तिथे आपण काय करणार.

म्हणून सरकार मधे पडतं आणि एक वचन देतं, की अमुक रकमेपर्यंत तुम्ही काळजी करू नका, बँक गेली तरी आम्ही आहोत. ठेव विमा म्हणतात तो हाच. अमेरिकेत १९३४ च्या सुरुवातीला तो २,५०० डॉलरपर्यंत होता, २००८ मध्ये एक लाखाचा अडीच लाख झाला. हे वचन म्हणजे दान नाही बरं का, तो सौदा आहे. आम्ही रांग लावत नाही, तुम्ही आमचे पैसे बुडू देत नाही. आता हा सौदा कोण कसा पाळतं ते बघू, सगळी मेख तिथेच आहे.

नॉर्दर्न रॉक. सप्टेंबर २००७, ब्रिटनमधली घरकर्ज देणारी मोठी बँक. १३ तारखेला संध्याकाळी बातमी फुटली की बँकेनं बँक ऑफ इंग्लंडकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, तातडीची मदत मागितली, आणि १४ ला सकाळी शाखांबाहेर रांगा. ब्रिटनमध्ये १८६६ नंतर असा प्रकार झाला नव्हता. बरेच लोक म्हणाले, काय घाबरट माणसं, कळपासारखी वागतायत. पण हिशोब बघा ना. त्यावेळी ब्रिटनमधला विमा पहिल्या २,००० पौंडांना शंभर टक्के, पुढच्या ३३,००० ला नव्वद टक्के, त्याच्या वर शून्य. म्हणजे कितीही ठेव असली तरी जास्तीत जास्त ३१,७०० मिळणार आणि तेही कधी मिळणार देव जाणे. अशा वेळी रांगेत उभा राहणारा वेडा की घरी बसणारा? १७ तारखेला सोमवारी अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी जाहीर केलं की तिथल्या सगळ्या ठेवींना सरकारची हमी, आणि रांगा विरल्या. त्या घोषणेच्या दिवशी एक पौंडसुद्धा खर्च झाला नाही हो. नुसत्या एका वाक्यानं काम झालं. पण ते वाक्य चाललं का, तर मागे सगळ्या देशाचे करदाते उभे होते म्हणून, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. खरंच नाही.

तक्रार आयर्लंडपासून सुरू होते. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो कारण मला ती सगळ्यात जास्त लागली. २० सप्टेंबर २००८ ला आयर्लंडनं ठेवींवरची हमी एक लाख युरोपर्यंत वाढवली. म्हणजे साधा बचत करणारा माणूस, निवृत्त शिक्षिका म्हणा, घर घ्यायला पैसे साठवणारं जोडपं म्हणा, ते झाकले गेले, विषय संपला. मग दहा दिवसांनी, २९ च्या रात्री बैठका चालल्या आणि ३० ला सकाळी देश उठला तर सरकारनं सहा बँकांच्या जवळजवळ सगळ्या देण्यांची हमी घेतलेली. साधारण ४४० अब्ज युरो. देशाचं वर्षाचं उत्पन्न याच्या निम्म्याहूनही कमी होतं. आता सांगा, छोटा ठेवीदार तर दहा दिवस आधीच सुरक्षित झाला होता, मग ही नवी हमी मुख्यतः कोणासाठी? मोठ्या ठेवी होत्याच, पण त्यांच्याबरोबर बँकांचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, घेतलेले मोठमोठे गुंतवणूकदारही त्याच छत्रीखाली आले, ज्यांचा धंदाच धोका मोजून पैसे लावायचा होता. पण बोलताना भाषा कुठली, तर बँकिंग व्यवस्थेवरचा विश्वास आणि ठेवीदारांचं हित.

पुढे बँका सावरायला सुमारे ६४ अब्ज युरो गेले. २०१० च्या नोव्हेंबरात युरोपियन युनियन आणि नाणेनिधीकडून ८५ अब्जांचं पॅकेज आलं, आणि ऐका, त्या ८५ मधले साडेसतरा अब्ज आयर्लंडनं स्वतःचेच घातले, सरकारी शिल्लक आणि लोकांच्या भविष्यातल्या पेन्शनसाठी राखून ठेवलेला फंड यांतून. म्हणजे बचत करणाऱ्याला वाचवतोय म्हणून सांगायचं आणि त्याच्याच म्हातारपणाची पुंजी उचलायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं. माझा राग इथे आहे. वाचवण्यावर नाही, आपलं नाव वापरण्यावर आहे. बँक बुडायला लागली की ठेवीदाराला पुढे उभं करायचं, बघा हो बिचारा, आणि त्याच्या पाठीमागून दुसऱ्याच लोकांना दाराबाहेर काढायचं.

आता कोणीतरी म्हणेल, अहो अमेरिकेत तर सरकारचे पैसे परत आले. आले, खरं आहे. २००८ च्या ऑक्टोबरात ७०० अब्ज डॉलरच्या योजनेला मंजुरी मिळाली, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी वापरले, आणि बँकांना दिलेला भाग नफ्यासकट वसूल झाला. पण ज्या दिवशी बाजारात कोणी उभं करत नव्हतं त्या दिवशी पैसे मिळाले, त्याची किंमत किती? त्या धोक्याचा भाव कोणी लावला? आणि एआयजी, ही बँक नाही विमा कंपनी, तिला १६ सप्टेंबरला ८५ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली, पुढे रक्कम बरीच वाढली, आणि मार्च २००९ मध्ये बातमी आली की तिथे ज्या विभागानं खड्डा खणला त्याच विभागातल्या लोकांना साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस. करारात लिहिलं होतं म्हणे. करार पाळायचे असतात हे मलाही मान्य आहे, पण बचत खात्यातल्या माणसाचा करार लोक इतक्या निष्ठेनं पाळताना मी बघितलेलं नाही.

आणि एक गोष्ट कोणी बिलात लिहित नाही, ती म्हणजे व्याज. बँक ऑफ इंग्लंडचा दर २००८ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ५ टक्के होता, मार्च २००९ ला अर्धा टक्का. पाच महिन्यांत. मग कितीतरी वर्षं तो तिथेच पडून. अमेरिकेत डिसेंबर २००८ पासून डिसेंबर २०१५ पर्यंत, म्हणजे सात वर्षं, शून्य ते पाव टक्का. ज्याचा महिना व्याजावर चालतो त्याला पाचाच्या जागी अर्धा म्हणजे पगार दहा पट कमी झाल्यासारखं आहे. एवढा मोठा कर लावला असता तर लोक रस्त्यावर आले असते, इथे कोणी हूं की चूं केलं नाही कारण पासबुकात कुठे वजाबाकी दिसतच नाही, फक्त बेरीज येत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर दर फक्त बँकांसाठी उतरवले नव्हते, नोकऱ्या जात होत्या, कर्जदार मरत होते, ते करणं भागही असेल. पण किंमत कोणी मोजली हे तरी म्हणा की.

आता उलटी बाजू. तुम्ही म्हणाल मग नका वाचवू कोणाला. १५ सप्टेंबर २००८ ला लीमन ब्रदर्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेला जाऊ दिलं, दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी नावाचा एक मनी मार्केट फंड, जिथे लोक रोकडीसारखे पैसे ठेवायचे, त्याच्या डॉलरचे ९७ सेंट झाले. तीन सेंटच गेले पण सगळीकडे धावपळ सुरू झाली. तेव्हा बुडू द्या सगळ्यांना हे ऐकायला मर्दानी वाटतं, त्यात पहिला पाय आपलाच मोडतो. स्वीडननं १९९२ मध्ये मधला रस्ता काढला होता, बँकांच्या धनकोंना हमी दिली पण जिथे पैसे घातले तिथे मालकी घेतली आणि बुडीत कर्जं वेगळ्या कंपनीत टाकून सावकाश विकली. फार गाजावाजा न करता.

सायप्रसची गोष्ट तर मी दोनदा वाचली, पहिल्यांदा विश्वास बसेना. १६ मार्च २०१३, शनिवार. लोक उठले तर कळलं की मदतीच्या बदल्यात प्रत्येक ठेवीतून कापणार, एक लाख युरोच्या वर ९.९ टक्के आणि एक लाखाच्या आत ६.७५ टक्के. अहो, एक लाखाच्या आतल्या ठेवीला हात लावणार नाही हाच तर विमा होता! ज्या युरोपियन मंत्र्यांनी ती मर्यादा सगळ्यांसाठी ठरवली तेच टेबलाभोवती बसून ती मोडायला तयार झाले, नाव काय दिलं तर 'लेव्ही', म्हणजे बँकेनं बुडवलं नाही, सरकारनं कर घेतला. किती हुशारी! संसदेत १९ तारखेला मतदान झालं, ३६ विरोधात, १९ तटस्थ, बाजूनं एकही नाही. शेवटी लहान ठेवी वाचल्या, पण बँक ऑफ सायप्रसमधल्या एक लाखाच्या वरच्या ठेवींचे ४७.५ टक्के गेले, आणि बँका जवळजवळ दोन आठवडे बंद.

आणि याच्या शेजारी ठेवा अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक, मार्च २०२३. ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तेही मोबाइलवरून, रांग नाही काही नाही, आणि १० ला बँक बंद. तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या अडीच लाखांच्या मर्यादेबाहेर. स्टार्टअप कंपन्या, त्यांना पैसे पुरवणारे फंड, एका क्रिप्टो कंपनीचे तर तीन अब्जांहून जास्त अडकलेले. ही सगळी हिशोब कळणारी माणसं. शनिवार-रविवार ट्विटरवर आरडाओरडा झाला आणि रविवारी संध्याकाळी जाहीर झालं, सगळ्यांचे सगळे पैसे सुरक्षित. करदात्यांवर बोजा नाही, बँकांकडून वर्गणी घेऊ. बँका वर्गणी कुठून देतात ते तुम्हाला माहितेय.

म्हणजे एकीकडे मर्यादेच्या आतल्या माणसाला कापायला निघाले आणि दुसरीकडे मर्यादेच्या वरच्याला पूर्ण दिले. मी असं म्हणत नाही की दुसरा निर्णय चुकला, कदाचित त्यामुळे सोमवारी आणखी दहा बँका पडल्या नाहीत. पण मग मर्यादा कशाला लिहिता? ज्याच्या पाठीशी आवाज आहे त्याच्यासाठी ती रबराची, आणि ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्यासाठी दगडावर कोरलेली, तीही मधेच पुसता येईल अशी.

एक शेवटचा प्रकार, यावर वेगळं व्याख्यान होईल म्हणून थोडक्यात. स्पेन आणि इटलीमध्ये बँकांनी आपल्याच ठेवीदारांना काउंटरवर बसून बँकेचे दुय्यम बाँड, म्हणजे बँक बुडाली तर ज्यांचा नंबर ठेवीदारांच्याही मागे लागतो असे, आणि तसले कागद विकले, जरा जास्त व्याज मिळतं म्हणून. लोकांना वाटलं ठेवच आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात इटलीत चार बुडत्या लहान बँका वाचवल्या तेव्हा ते बाँड शून्य झाले आणि एका निवृत्त माणसानं जीव दिला. मलाही एकदा एका बँकेत मुदत ठेव रिन्यू करायला गेलो तर समोरच्या मुलानं प्रेमानं असंच काहीतरी पुढे केलं होतं, मी विचारलं हे बुडलं तर विमा आहे का, तर तो म्हणाला सर, आपली बँक कशाला बुडेल. (हशा) मी सही केली नाही, पण खरं सांगू, त्या दिवशी घाई नसती तर केलीही असती, मुलगा फार गोड होता.

शेवटी एका बाईंनी प्रश्न विचारला तो आणि माझं उत्तर इथे देतो. त्या म्हणाल्या, तुम्ही एवढं सांगितलंत, पण नॉर्दर्न रॉकमध्ये तुमचे पैसे असते तर तुम्ही काय केलं असतं? मी म्हणालो, शुक्रवारी सकाळीच रांगेत उभा राहिलो असतो, बायकोला दुसऱ्या शाखेच्या रांगेत पाठवलं असतं. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती बँक सरकारनं ताब्यात घेतली, तेव्हा बरेच लोक तिथेच पैसे ठेवायला परत गेले, सरकारी म्हणजे पक्की म्हणून, तर त्यांच्यात मीही असतो बहुतेक. त्या म्हणाल्या, म्हणजे राग वगैरे विसरून? म्हटलं, नाही हो, राग घेऊनच.