वांग्यातलं निकोटिन आणि तंबाखूतलं

"वांग्यातही निकोटिन असतं, मग तंबाखूलाच का नावं ठेवता?" व्यसनमुक्तीवर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. त्यातला पहिला भाग खरा आहे. त्यामुळे तो हसण्यावारी न नेता नीट उत्तर द्यायला हवं.

वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू ही सगळी एकाच कुळातली. तंबाखूच्या झाडात निकोटिन तयार होतं ते मुळांत. तिथून ते रसाबरोबर वर चढतं आणि पानांत साठतं. १९४०च्या दशकात कलमं करून याची फार सुंदर पडताळणी झाली. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचं कलम बांधलं, तर तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळजवळ उतरलंच नाही. उलट तंबाखूच्या मुळावर टोमॅटो वाढवला, तेव्हा टोमॅटोच्या पानांत ते साठलं! झाड हे विष किडीसाठी बनवतं, किडीच्या मज्जासंस्थेवर ते थेट घाव घालतं. आपले शेतकरी पिकावरच्या मावा किडीवर तंबाखूचा काढा फवारत आले, ते याच गुणामुळे.

आता प्रमाण पाहा. १९९३ साली अमेरिकेत भाज्यांमधलं निकोटिन मोजलं गेलं. वांग्यात एका ग्रॅममागे सुमारे १०० नॅनोग्रॅम सापडलं (नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग). टोमॅटो आणि बटाट्यात त्याहून पुष्कळ कमी. एक सिगारेट ओढली की साधारण एक मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं. तेवढ्यासाठी दहा किलो वांगी खावी लागतील. पाव किलो भरल्या वांग्यातून मिळणार एका सिगारेटच्या चाळिसाव्या हिश्शाइतकं. नंतरच्या मोजण्यांत वांग्याचे आकडे याहूनही खाली आले.

आणि तेवढंही सगळं रक्तात पोचत नाही. भाजीतलं निकोटिन पोटात जातं. जठरातल्या आम्लात ते फारसं शोषलं जात नाही. पुढे आतड्यातून शोषलेलं आधी यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच मोडतं. धुरातलं निकोटिन मात्र फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदू गाठतं. आणि तळहातावर तंबाखू मळताना लोक चुना का लावतात? चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. किक बसते ती यामुळे, आणि सवय जडते तीही यामुळेच.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती मिश्रीची. घराघरांतल्या बायका ती व्यसन मानतच नाहीत, दात घासायची पूड मानतात. पण हिरड्यांवर चोळलेली ती भाजलेली तंबाखूच असते, आणि निकोटिन तिथूनही रक्तात जातं.

शिवाय तोंडाचा कर्करोग प्रामुख्याने निकोटिनमुळे होत नाही. तंबाखू वाळवताना, मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात, खरी घातक ती. वांगं आपण ताजं चिरतो, शिजवतो आणि खातो. त्याच्या बाबतीत असलं काही घडतच नाही.