गाडीबरोबर येणारी थकबाकी

टेबलावर पाचशे रुपयांचा मुद्रांक आहे आणि त्यावर जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हमखास आढळणारे वाक्य टंकलेले आहे, की आजच्या तारखेपर्यंतचे सर्व कर व दंड विकणाऱ्याने भरावयाचे आहेत. दोघांच्या सह्या होतात, किल्ली हाती येते आणि घेणारा निर्धास्त होतो. आरटीओच्या खिडकीवर मात्र या कागदाला किंमत नाही.

महाराष्ट्राच्या 1958 च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार, कर थकलेला असताना गाडी दुसऱ्याच्या नावावर किंवा ताब्यात गेली, तर तो कर नव्या मालकाकडून अथवा ताबेदाराकडून वसूल करता येतो. जुना मालक त्यातून सुटत नाही, हे खरे; पण त्याला शोधत बसण्यापेक्षा दारात उभी असलेली गाडी अडवणे शासनाला केव्हाही सोपे असते. मुद्रांकावरची अट उरते ती तुम्ही भरलेले पैसे त्याच्याकडे परत मागण्यापुरती. 'ताबा' हा शब्दही साधा नाही. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये असा निर्णय दिला, की हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेणाऱ्या वित्त कंपनीलाही ताबा घेतल्या दिवसापासून कर भरावा लागेल.

आपल्याकडे खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरला जातो, त्यामुळे पहिल्यापासून खासगी असलेल्या एमएच पाटीच्या गाडीत थकबाकी सहसा निघत नाही. पिवळ्या पाटीवर धावून मग खासगी झालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. त्याहून फसवी ठरते 2021 मध्ये सुरू झालेली बीएच मालिका, म्हणजे बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठीची देशभर चालणारी नोंदणी. तिचा कर दोन-दोन वर्षांचा असतो आणि मुदत उलटून सात दिवस गेले की दिवसाला शंभर रुपये दंड लागतो. वर्षभर विसरलेल्या कराचा नुसता दंडच 35 हजारांपुढे जातो. बदलीच्या गडबडीत असलेला मालक हे मुद्दाम लपवतो असे नाही, बरेचदा त्याच्याही ते ध्यानात नसते.

म्हणून टोकन देण्यापूर्वी एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकावा. एकरकमी कर भरलेला असेल, तर कराच्या ओळीत 'एलटीटी' (लाइफ टाइम टॅक्स) अशी अक्षरे दिसतात. तिथे उलटून गेलेली तारीख दिसली, तर विकणाऱ्याने भरलेल्या कराची पावती हातात पडेपर्यंत मालकी हस्तांतराच्या नमुना 29 आणि 30 वर सही करू नये.