काळोखातून कळणारी जाडी

साठवण वलयात, म्हणजे इलेक्ट्रॉनांना गोल फिरत ठेवणाऱ्या यंत्रात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकांमुळे वळतो आणि वळताना प्रकाश सोडतो. अशा वलयाचा प्रकाश वापरणाऱ्या आधुनिक यंत्रांमध्ये, म्हणजे सिंक्रोट्रॉनमध्ये, या झोताची उभी जाडी काही मायक्रोमीटरपर्यंत खाली आली आहे. झोत जितका बारीक, तितके त्यातून निघणारे क्ष-किरण प्रखर. म्हणून ही जाडी सतत ठाऊक असावी लागते. झोताला स्पर्श केला की तो बिघडतो, त्यामुळे त्यानेच सोडलेल्या प्रकाशावरून त्याचे माप काढावे लागते.

अडचण इथेच सुरू होते. हा प्रकाश अतिशय अरुंद कोनात बाहेर पडतो आणि भिंगाने त्याची प्रतिमा घेतली, तर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना प्रकाशलहरी पसरत असल्यामुळे, ती दृश्य प्रकाशात दहा मायक्रोमीटरहून बरीच जास्त पसरते. क्ष-किरणांची तरंगलांबी खूपच लहान असल्यामुळे सूचीछिद्र कॅमेरा (भिंगाऐवजी बारीक छिद्रातून प्रतिमा घेणारा) बराच पुढे जातो. पण छिद्र मोठे ठेवले तर प्रतिमा धूसर होते आणि फार लहान केले तर विवर्तन पुन्हा आडवे येते.

१९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी माउंट विल्सन वेधशाळेत काक्षी ताऱ्याचा व्यास व्यतिकरणाने, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या पट्ट्यांवरून, मोजला होता. तीच कल्पना तोशियुकी मित्सुहाशी यांनी १९९० च्या दशकात जपानमधील केईके या संस्थेत इलेक्ट्रॉन झोतासाठी वापरली. दोन फटींतून आलेला प्रकाश पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे उमटवतो. झोत जाड असेल तर काळ्या पट्ट्यांत थोडा उजेड मिसळतो आणि त्या उजेडावरून जाडी काढता येते. मात्र झोत दहा मीटर दूर, फटींतील अंतर चाळीस मिलिमीटर आणि तरंगलांबी ५०० नॅनोमीटर असेल, तर चार मायक्रोमीटर जाडीच्या झोतामुळे पट्ट्यांची स्पष्टता जेमतेम दोन टक्क्यांनी घटते. उष्णतेने आरसा किंचित वाकला किंवा कॅमेऱ्याच्या नोंदीत थोडा दोष राहिला, तरी हे दोन टक्के त्यात हरवतात. माझ्या मते या मापनाचे खरे कौशल्य त्या क्षुल्लक वाटणाऱ्या दोषांचा हिशेब ठेवण्यात आहे.

स्वित्झर्लंडमधील स्विस लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनमध्ये वापरलेली पद्धतही काळोखावरच उभी आहे. उभ्या ध्रुवणाचा, म्हणजे ज्याची कंपने उभ्या दिशेत असतात असा, प्रकाश झोताच्या मध्यप्रतलात शून्य असतो, त्यामुळे त्याच्या प्रतिमेत दोन उजळ भागांमध्ये एक काळी रेघ दिसते आणि झोताच्या जाडीनुसार ती भरत जाते. तेथे ३.६ मायक्रोमीटर इतकी उभी जाडी नोंदवली गेली आणि त्या आकड्यासोबत ०.६ मायक्रोमीटरची अनिश्चितताही तितक्याच ठळकपणे दिली गेली.